बोटांखालचा इतिहास

जालन्याच्या एमआयडीसीत शिरले की आधी लोखंड दिसते. भंगाराने भरलेले ट्रक आत येतात आणि सळया घेऊन बाहेर पडतात. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी वजनकाट्यावर थांबते. मध्यंतरी एका कामासाठी अशाच एका काट्याच्या खोलीत तासभर बसण्याचा योग आला. संगणकासमोर पंचविशीतला एक मुलगा होता. त्याचा उजवा हात कळफलकाच्या उजव्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर न बघता चालत होता. गाडीचा नंबर, एंटर, वजन, एंटर, की पावती बाहेर! मी कौतुक केले, तर तो म्हणाला, "सर, एवढंच येतं. बाकीच्या बटणांना मी हात लावत नाही. काय होईल सांगता येत नाही. आणि नावं तरी कशी? शिफ्ट, कंट्रोल, एस्केप!"

त्याची भीती मला परकी वाटली नाही. आपल्यापैकी अनेकजण शंभराहून अधिक कळांच्या या पाटीवर पाच-पंचवीस कळांतच आयुष्य काढतात. पण श्रोतेहो, या कळांची नावे कुणी उगाच ठेवलेली नाहीत. त्यातली बरीचशी नावे लोखंडी यंत्रातून आली आहेत. ते यंत्र डोळ्यांसमोर आणले की कळेची भीती उरत नाही.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांनी सहकाऱ्यांबरोबर टंकलेखन यंत्र तयार केले आणि बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने ते १८७४ साली बाजारात आणले. इंग्रजी कळफलकाच्या वरच्या ओळीतला क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय हा क्रम तेव्हापासूनचा. तो तसाच का ठेवला, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. त्या पहिल्या यंत्रावर फक्त इंग्रजीतली मोठी अक्षरे उमटत. १८७८ च्या रेमिंग्टन क्रमांक दोनमध्ये एकेका दांडीवर दोन-दोन अक्षरे बसवली, एक मोठे आणि एक लहान. कोणते उमटवायचे हे ठरवण्यासाठी एक कळ दिली. ती दाबली की कागद धरणारी चौकट, म्हणजे कॅरेज, जागची सरके. सरकणे म्हणजे शिफ्ट. आज काहीच सरकत नाही, नाव मात्र राहिले. सरकलेली चौकट तशीच अडकवून ठेवणारी खीळ म्हणजे आजच्या कॅप्स लॉकची पूर्वज.

एंटरचेही तसेच. ज्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये 'ए एस डी एफ' घोटले आहे, त्यांना ओळ संपत आल्यावर वाजणारी घंटी आठवत असेल. मग डाव्या हाताने दांडा ओढायचा. कागद एक ओळ वर सरके आणि चौकट ओळीच्या आरंभाशी परत येई. एंटरवरचा खाली येऊन डावीकडे वळणारा बाण पाहा. ओळ उतरून पुन्हा सुरुवातीला जाण्याची ती खूण आहे. बॅकस्पेस तेव्हा काही पुसत नसे, फक्त एक घर मागे नेई. चुकलेले अक्षर रबराने खोडावे लागे. टॅब ही कळ टेबल, म्हणजे तक्ते आखण्यासाठी होती.

टंकलेखन यंत्रानंतर आला टेलिप्रिंटर. आता कळ दाबली की अक्षर तारेवरून दुसऱ्या गावी जाऊ लागले. तारेवरून अक्षराचे चित्र जात नाही, जातो तो संकेत, म्हणजे एक क्रमांक. पण अक्षरांखेरीज यंत्राला हुकूमही द्यावे लागत: ओळ बदल, घंटी वाजव. त्यासाठी कंट्रोल आली. अमेरिकेत १९६३ साली आस्की नावाची संकेतावली ठरली. तिच्यात सात हा क्रमांक घंटीचा होता. कंट्रोल धरून जी दाबले की समोरच्या गावातल्या यंत्राची घंटी वाजे.

डिलीटची गोष्ट तर मोठी मजेची. तेव्हा मजकूर कागदी फितीवर भोके पाडून साठवत. एकदा पाडलेले भोक बुजवता येत नाही. मग चूक खोडायची कशी? त्या जागी सातही भोके पाडायची! सगळी भोके दिसली की यंत्र ती जागा सोडून पुढे जाई. म्हणून आस्कीत डिलीटचा क्रमांक १२७, म्हणजे सात भोकांत मावणारा सर्वांत मोठा आकडा. एस्केपची कल्पना आयबीएममधल्या बॉब बेमर यांनी १९६० साली मांडली. एका संकेतावलीतून बाहेर पडून दुसरीत जाण्यासाठी ती होती. आज आपण नको असलेल्या चौकटीतून बाहेर पडायला ती वापरतो. अर्थ फारसा बदललेला नाही.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. त्याच वर्षी १२ ऑगस्टला आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. त्याच्या कळफलकावर ८३ कळा होत्या. अडकलेले यंत्र पुन्हा सुरू करण्यासाठी डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबण्याची सोय केली. त्या लांब लांब अंतरावरच्या निवडल्या, कारण चुकून एका हाताने दाबल्या जाऊ नयेत. म्हणजे चुकीची भीती बनवणाऱ्यांनाही होतीच. त्यांनी तिचा बंदोबस्त कळफलकातच करून ठेवला.

एफ-१ ते एफ-१२ या कळांना मात्र स्वतःचा ठरलेला अर्थ नाही. जो प्रोग्राम चालू असेल तो त्यांना काम नेमून देतो. जालन्याच्या मोंढ्यातल्या मुनिमाला विचारा. टॅलीत एफ-५ म्हणजे पैसे दिले, एफ-६ म्हणजे पैसे आले, एफ-८ विक्री आणि एफ-९ खरेदी. तोच एफ-५ इंटरनेटवर दाबला तर पान नव्याने उघडते. आणि काट्यावरच्या मुलाचे आकडे? सात-आठ-नऊ वरच्या ओळीत ठेवण्याची रीत बेरजेच्या जुन्या यंत्रांतली. टेलिफोनवाल्यांनी एक-दोन-तीन वर ठेवले, म्हणून फोनवरून संगणकावर आलेला हात क्षणभर अडखळतो.

हे सगळे झाले इंग्रजीचे. मग मराठीचे काय? खरा प्रश्न तिथेच आहे.

इंग्रजीसाठी घडवलेल्या यंत्रात देवनागरी बसवताना फार तडजोडी झाल्या. कळा मोजक्या आणि आपली अक्षरे, मात्रा, जोडाक्षरे अनेक. म्हणून यंत्र अक्षर लिहीत नसे, अक्षराचे तुकडे जोडत असे. जालना हे बियाण्यांचे गाव, तेव्हा 'बियाणे' हाच शब्द घेऊ. रेमिंग्टन पद्धतीत आधी पहिली वेलांटी, मग ब. पुढे य, काना. मग अर्धा ण, त्याला पुन्हा काना आणि शेवटी मात्रा. सात ठोके. बोलताना वेलांटी ब नंतर येते, यंत्रावर ती आधी मारावी लागे. आपल्याकडे १९५५ पासून गोदरेजने टंकलेखन यंत्रे बनवली. अशा यंत्रांवर शिकून, मिनिटाला तीस-चाळीस शब्दांची परीक्षा देऊन, खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींनी कचेरीतली पहिली नोकरी मिळवली.

संगणक आल्यावर दुसरा विचार पुढे आला. आयआयटी कानपूरमध्ये आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम केले. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली सर्व भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरवला. त्याची रचना आपल्या बाराखडीसारखी आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. एकाच कळीवर क आणि ख, दुसरीवर ग आणि घ, तिसरीवर त आणि थ. शिफ्ट दाबली की क चा ख होतो. चौकट सरकवणारी शिफ्ट आमच्याकडे येऊन अक्षराला महाप्राण देऊ लागली! यात 'बियाणे' सहा ठोक्यांत होते आणि आपण उच्चारतो त्याच क्रमाने.

तरीही वर्षानुवर्षे कचेऱ्यांत जुनीच पद्धत चालली. हाताचे वळण सहज सुटत नाही, आणि ज्या वळणावर पोट चालले त्याला नावेही ठेवू नयेत. पण त्यात एक तोटा झाला. त्या काळचे अनेक मराठी फाँट आतून इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक वापरत, वरून फक्त मराठी चित्र दाखवत. कृतिदेव टंकात लिहिलेला 'जालना' शब्द तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडा. समोर टी, के, वाय, यू, के अशी इंग्रजी अक्षरे उभी राहतात. अशा फायलींत कितीतरी कविता, अहवाल, ग्रामपंचायतींचे ठराव अडकून पडले. मजकूर जागेवर आहे, पण वाचता येत नाही आणि शोधलाही जात नाही.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर मानला जाणारा स्वतःचा क्रमांक मिळाला. 'ज' कुठेही 'ज'च राहिला. आज संगणकाच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी निवडली की इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

काट्यावरच्या त्या मुलाला मी एवढेच दाखवले. एफ आणि जे या कळांवर बोटाला लागणारी बारीक उंचवट्याची रेघ असते. तिथे दोन्ही हातांच्या तर्जनी ठेवायच्या. इनस्क्रिप्टमध्ये डावीखाली पहिली वेलांटी येते आणि उजवीखाली र. तो क्लार्कच्या परीक्षेची तयारी करत होता. बाहेर ट्रक हॉर्न देत होता, तरी त्याने रिकाम्या पानावर सावकाश आपल्या गावाचे नाव टाइप केले. एक अक्षर चुकले. त्याने बॅकस्पेस दाबली, बरोबर अक्षर टाकले आणि ट्रकचे वजन घ्यायला वळला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)