टांकसाळ, खतावणी आणि मर्यादा

नाणे कोणी पाडावे, त्याच्या देवघेवीचा हिशेब कोणी राखावा आणि ते एकंदर किती पाडावे, हे तीन प्रश्न कोणत्याही चलनाच्या पाठीशी उभे असतात. परंतु ज्या काळात टांकसाळ सरकारची, पेढी सरकारी परवान्यावर चालणारी आणि नोटा काढण्याचा अधिकारही मध्यवर्ती बँकेचाच, त्या काळात या तिन्हींची उत्तरे एकाच मुखत्याराच्या हाती असल्यामुळे असे काही प्रश्न आहेत याचेच सामान्य माणसाला विस्मरण होते. २००९ साली संगणकांच्या जाळ्यावर अवतरलेल्या बिटकॉइनने हे प्रश्न एकमेकांपासून सुटे केले आणि ते पुन्हा नव्याने विचारले. त्याच्या भावाच्या चढउताराविषयी आजवर उदंड लिहिले गेले आहे. पण या धंद्याच्या अल्पशा इतिहासात खरोखर अभ्यसनीय आहे ती गोष्ट वेगळी. टांकसाळ, खतावणी आणि मर्यादा या तिन्ही परस्परांत इतक्या गुंतलेल्या आहेत की एकीची सोय पाहू गेले असता दुसरीची अडचण होते, हे त्या इतिहासाने वारंवार दाखवून दिले आहे.

संगणकावरील पैशाची मूळ अडचण अशी की तेथील कोणतीही नोंद हवी तितक्या वेळा जशीच्या तशी उतरवून घेता येते, आणि म्हणून एकच नाणे दोघांना देऊ पाहणाऱ्या लबाडाला अडवायचे तर प्रत्येक देवघेवीची कोणीतरी रुजवात घेणे भाग पडते. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८२ साली यावर एक विलक्षण तोड सुचवली. ग्राहकाने आपल्या नाण्याचा क्रमांक गणिती आवरणात झाकून पेढीकडे द्यावा, पेढीने तो न पाहताच त्यावर सही करावी, आणि आवरण काढल्यानंतरही ती सही ग्राह्य ठरावी, अशी ती योजना होती. असे नाणे परत आले म्हणजे ते खरे आहे एवढे पेढीला कळे. ते मुळात कोणाला दिले होते हे मात्र कळत नसे. या कल्पनेवर चॉम यांनी ॲमस्टरडॅम येथे डिजिकॅश नावाची कंपनी उभारली. पण १९९८ साली तिचे दिवाळे वाजले आणि कंपनीबरोबर तिचे नाणेही संपले. गुप्तता उत्तम साधली होती. परंतु टांकसाळ आणि खतावणी एकाच दाराआड राहिल्यामुळे ते दार बंद होताच सारा व्यवहार बंद पडला.

याच सुमारास दुसरी काही माणसे निराळ्या हेतूने निराळ्या वाटेने चालली होती. नको असलेल्या पत्रांचा संगणकावरील सुळसुळाट थांबवण्यासाठी, पत्र धाडणाऱ्याच्या यंत्राने आधी थोडे गणिती श्रम केलेच पाहिजेत अशी अट घालावी, असे सिंथिया ड्वॉर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ साली सुचवले. इंग्लंडच्या ॲडम बॅक यांनी १९९७ साली तीच कल्पना हॅशकॅश या नावाने स्वतंत्रपणे अमलात आणली. त्यापूर्वी १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी दस्तऐवजाची तारीख मागाहून कोणाला बदलता येऊ नये म्हणून प्रत्येक दस्ताची खूण पुढच्या दस्तात गुंफण्याची रीत शोधून काढली होती, आणि १९९५ पासून त्या साखळीची खूण न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत आठवड्याच्या आठवड्याला छापली जाऊ लागली, म्हणजे हजारो घरांत पोहोचलेला तो कागद कोणालाही खोटा पाडता येऊ नये. सातोशी नाकामोतो हे नाव धारण करणाऱ्या अज्ञात लेखकाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी आपला नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात आधारासाठी दिलेल्या आठ ग्रंथ-लेखांपैकी तीन हेबर आणि स्टॉर्नेटा यांचेच होते. नाकामोतोचे कर्तृत्व या जुन्या सामग्रीतून अशी खतावणी घडवण्यात आहे की जिची प्रत प्रत्येकाजवळ असावी, मालकी कोणाचीच नसावी आणि तिच्यात पान जोडण्याचा हक्क श्रमाने मिळवावा लागावा.

ते पान कसे जोडले जाते हे जवळून पाहण्यासारखे आहे. गेल्या काही मिनिटांतील देवघेवी एकत्र करून ज्या गठ्ठ्यात बांधतात त्याला ब्लॉक म्हणतात, आणि बिटकॉइनच्या प्रत्येक ब्लॉकला ८० बाइटांचे एक शीर्षक असते. त्यात सहाच बाबी येतात: नियमांची आवृत्ती, मागच्या ब्लॉकची खूण, आतील सर्व देवघेवींची मिळून एक खूण, वेळ, त्या घटकेची काठिण्यपातळी आणि नॉन्स नावाचा एक मोकळा आकडा. हे शीर्षक हॅश नावाच्या गणिती क्रियेतून दोनदा काढले की एक प्रचंड संख्या हाती येते. शीर्षकातला एक अंक बदलला तरी ती समूळ बदलते, आणि कोणती संख्या येईल हे आधी सांगता येत नाही. ही संख्या ठरावीक उंबरठ्याच्या खाली आली तरच ब्लॉक ग्राह्य; म्हणून हा शोध घेणारा मायनर मोकळा आकडा बदलीत राहतो, त्याचे सुमारे ४२९ कोटी पर्याय संपले की आतील मजकूर किंचित हलवतो आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. शोधण्याचे कष्ट अपरिमित असले तरी ताळा पाहण्यास क्षणही पुरतो, आणि या विषमतेतच सारी योजना सामावलेली आहे. ब्लॉक सरासरीने दहा मिनिटांनी निघावा म्हणून दर २,०१६ ब्लॉकांनंतर यंत्रांच्या एकंदर बळानुसार उंबरठा आपोआप वरखाली होतो. त्यामुळे मायनरांनी यंत्रे दुप्पट केली तरी नाणी दुप्पट निघत नाहीत, केवळ स्पर्धा तीव्र होते. मागचे पान बदलू पाहणाऱ्यास त्यापुढील प्रत्येक पानाचे श्रम नव्याने करावे लागतात, आणि या खर्चिक श्रमांतच खतावणीचे संरक्षण आहे.

३ जानेवारी २००९ रोजी निघालेल्या पहिल्या ब्लॉकात, बँकांना सरकारी मदत मिळण्याच्या बेतात असल्याची त्या दिवशीच्या लंडन टाइम्समधील बातमी नाकामोतोने गुंफून ठेवली होती. आरंभी मायनरांचा हा धंदा घरच्या संगणकावर चाले; २०१० मध्ये चित्रपटलावर रंग भरण्यासाठी बनवलेली ग्राफिक कार्डे त्याला जुंपली गेली; त्याच वर्षाच्या अखेरीस अनेकांनी आपले बळ एकत्र करून प्राप्ती वाटून घेण्याचा पहिला पूल उघडला; आणि २०१३ पासून हॅश काढण्यावाचून दुसरे काहीही न येणाऱ्या एसिक चिपांची यंत्रे बाजारात आली, तेव्हा घरगुती मायनरांचा जमाना सरला. त्यानंतर टांकसाळ विजेच्या मागे धावू लागली. चीनच्या सिच्वान प्रांतात पावसाळ्यात धरणे तुडुंब भरून वीज फाजील झाली म्हणजे यंत्रांचे तांडे तिकडे जात आणि कोरड्या ऋतूत ते शिंच्यांग व अंतर्गत मंगोलियातील कोळशाच्या विजेकडे वळत. २०२१ च्या मे-जून महिन्यांत चिनी सरकारने या धंद्यावर बंदी घातल्यावर काही आठवड्यांत यंत्रे पेट्यांत भरून कझाकस्तान आणि अमेरिकेकडे रवाना झाली. जगातील एवढे यंत्रबळ एकाएकी बंद पडले असता ब्लॉक काही काळ सावकाश निघाले, उंबरठा नियमाप्रमाणे सैल झाला आणि खतावणी अखंड चालू राहिली. कोणत्याही एका सरकारच्या अमलावर ती अवलंबून नाही, याची याहून मोठी कसोटी आजवर झालेली नाही.

मर्यादेचे गणित मात्र अगदी सोपे आहे. आरंभी मायनराला दर ब्लॉकामागे ५० नवी नाणी मिळत, आणि दर २,१०,००० ब्लॉकांनंतर हे बक्षीस निम्मे होते. पहिल्या टप्प्यात १ कोटी ५ लाख, दुसऱ्यात त्याच्या निम्मी, अशी बेरीज करीत गेले असता ती २ कोटी १० लाखांच्या पलीकडे कधीच जात नाही. २०१२, २०१६, २०२० आणि एप्रिल २०२४ अशा चार वेळा ही कपात झाली असून आज बक्षीस ३.१२५ नाण्यांवर आले आहे. चौथ्या कपातीपर्यंतच १ कोटी ९६ लाखांहून अधिक नाणी पाडून झाली होती आणि उरलेला अल्प अंश २१४० च्या सुमारापर्यंत थेंबाथेंबाने निघत राहील. परंतु ही मर्यादा दगडावरची रेघ आहे असे मानणाऱ्याने १५ ऑगस्ट २०१० चा प्रसंग अवश्य पाहावा. त्या दिवशी ७४,६३८ व्या ब्लॉकात एका देवघेवीने १८,४४६ कोटींहून अधिक नाणी शून्यातून निर्माण केली. दोन प्रचंड रकमांची बेरीज संगणकाच्या आकड्याच्या घरात मावली नाही, ती उलटून ऋण झाली, आणि जमेपेक्षा खर्च अधिक नसावा ही तपासणी त्या ऋण बेरजेने बिनदिक्कत पार केली. खतावणी उघडी असल्यामुळे ही अचाट रक्कम लवकरच लोकांच्या नजरेस आली. काही तासांत नाकामोतोने दुरुस्त केलेली आज्ञावली प्रसृत केली, मायनरांनी ती स्वीकारली, आणि दुसऱ्या दिवशी शुद्ध साखळी अशुद्ध साखळीहून लांब झाल्याबरोबर ती नाणी कायमची रद्द ठरली. मर्यादा त्या दिवशी गणिताच्या हातून निसटली होती आणि माणसांच्या दक्षतेने ती सावरली गेली. ती दक्षता शक्य झाली याचे कारण एवढेच की प्रत्येकाला प्रत्येक रक्कम दिसत होती.

आणि येथेच गुप्ततेचा पेच सुरू होतो. बिटकॉइनच्या खतावणीत नावे नसतात, पत्ते असतात. म्हणून ती निनावी आहे असा समज पहिली काही वर्षे रूढ होता. परंतु एकाच देवघेवीत एकत्र खर्च झालेले पत्ते बहुधा एकाच धन्याचे असतात, एवढ्या साध्या अनुमानाने अनेक पत्ते एका हाताखाली आणता येतात, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले. आणि त्यांतला एखादा पत्ता विनिमयकेंद्राशी निगडित झाला की त्यामागचे नाव त्या केंद्राच्या दप्तरात मिळते. सिल्क रोड या चोरट्या बाजाराच्या तपासात असताना स्वतःच नाणी लांबवणारे दोन अमेरिकी अधिकारी पुढे याच उघड्या खतावणीच्या मागावरून सापडले. आपल्याकडेही, मुंबईच्या रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा हुकूम काढला आणि ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, त्यानंतर सरकारने २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर बसवला आणि २०२३ मध्ये ही केंद्रे काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली आणून ग्राहकांची ओळख ठेवणे त्यांना बंधनकारक केले. अपराध्याचा माग लागावा हे न्याय्यच आहे. पण जी खतावणी चोराला दाखवते तीच निरपराध माणसाचा पगार, त्याने दिलेले दान आणि त्याच्या औषधाचा खर्चही दाखवते, आणि ही उणीव क्षुल्लक मानणे योग्य नव्हे.

ती भरून काढण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये मोनेरो निघाले. त्यात घेणाऱ्यासाठी दर वेळी नवा, एकदाच वापरावयाचा पत्ता उत्पन्न होतो. देणाऱ्याचे खरे नाणे इतर जुन्या नाण्यांच्या घोळक्यात मिसळून, यांतील एकाच्या धन्याने सही केली आहे, कोणत्या ते मात्र कळणार नाही, अशा रीतीने पुढे केले जाते. आणि जानेवारी २०१७ पासून रक्कमही झाकली गेली. झाकलेल्या रकमांची बेरीज जुळते एवढेच गणित सिद्ध करते, आकडा सांगत नाही. ब्लॉकचे बक्षीस उघड असते, म्हणून किती नाणी पाडली हे मोजता येते. पण वाटेत कोणी खोटी नाणी घुसडली नाहीत यासाठी सिद्धतेच्या गणितावर व ते राबवणाऱ्या आज्ञावलीवर विसंबावे लागते. २०१७ च्या मे महिन्यात जाहीर झाले की मोनेरोसारख्याच मूळ योजनेवर बेतलेल्या सर्व चलनांत एकच नाणे पुनःपुन्हा खर्चता येईल असा दोष होता. मोनेरोने तो वेळीच बुजवला होता, पण बाइटकॉइन या भावंडात त्याचा गैरफायदा घेतला गेला.

झीकॅशची कथा याहून बोधप्रद आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये निघालेल्या या चलनात मर्यादा बिटकॉइनइतकीच आणि गुप्तता त्याहून कितीतरी सखोल. परंतु तिच्या मुळाशी काही गुप्त संख्या होत्या, ज्या कोणाच्या हाती राहिल्यास त्याला कोणाला न कळतील अशी खोटी नाणी पाडता आली असती. म्हणून सहा जणांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून त्या संख्यांचा एकेक अंश तयार केला आणि नंतर नष्ट केला. त्यांपैकी एकजणही प्रामाणिक असला तरी चलन सुरक्षित. टोपणनावाने सहभागी झालेला त्यांतील एकजण एडवर्ड स्नोडेन होता, हे २०२२ मध्ये उघड झाले. एवढी खबरदारी घेऊनही मार्च २०१८ मध्ये झीकॅशच्याच एका गणितज्ञाला सिद्धतेत असा दोष सापडला की त्यातून अमर्याद खोटी नाणी निघू शकली असती. तो ऑक्टोबरमध्ये दुरुस्त झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला गेला. गैरवापराचा पुरावा मिळाला नाही. परंतु आवरणाखालच्या रकमा कोणालाच दिसत नसल्यामुळे, २०१० सारखी उघड्या डोळ्यांची साक्ष या वेळी उपलब्ध नव्हती.

मर्यादेविषयी शेवटचा मतभेद टांकसाळीच्या वेतनाचा आहे. बक्षीस शून्याकडे जात असता खतावणी राखणाऱ्याला वेतन कोण देणार, या प्रश्नाला देवघेवींवरील शुल्क असे बिटकॉइनचे उत्तर आहे. मोनेरोने जून २०२२ पासून दर ब्लॉकामागे ०.६ नाणे कायमचे चालू ठेवले. दोन मिनिटांना एक ब्लॉक या हिशेबाने दिवसाला ४३२ नाणी निघत राहतात, आणि साठा वाढत जाईल तसतसे हे प्रमाण, जे आरंभी वर्षाला एक टक्क्याहूनही कमी होते, आणखी घटत जाते. एकाने संख्येची अखेर जपली, दुसऱ्याने पहारेकऱ्याचे पोट. आणि पहारा दुबळा झाल्यास अखेरची संख्या केवळ कागदावर उरते, हे ध्यानी घेता मोनेरोचा मार्ग मला अधिक विवेकाचा वाटतो.

या साऱ्या इतिहासातून मी एवढेच काढतो की नाण्यांची संख्या मोजण्याचा लोकांचा हक्क आणि आपला खर्च झाकण्याचा माणसाचा हक्क हे दोन्ही तितकेच खरे आहेत, आणि एकासाठी दुसऱ्याचा बळी देणारे चलन अपुरे राहते. आंधळ्या सहीपासून झाकलेल्या बेरजेपर्यंत चाळीस वर्षांची वाटचाल हे दोन्ही हक्क एकत्र नांदवण्यासाठीच झाली आहे. ते ज्या प्रमाणात नांदले, त्या प्रमाणात गणिताइतकेच श्रेय त्या गणिताची रोज नव्याने रुजवात घेणाऱ्यांचे, सापडलेला दोष लपवून लाभ न घेता तो बुजवणाऱ्यांचे आहे. मर्यादा नियमात लिहिता येते, गुप्तता सूत्रात मांडता येते. पण दोहोंचे रक्षण करणारी सचोटी प्रत्येक पिढीतल्या राखणदारांना स्वतःच्या श्रमाने पुन्हा मिळवावी लागते.