वेध घेणारे डोळे : तोफखान्याच्या हवाई निरीक्षण पथकांची कथा



सुरतेच्या परिसरात व्याख्यानाला उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला बहिर्जी नाईकांचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज या शहरावर चालून आले. त्यापूर्वी बहिर्जींनी येथील खडान्‌खडा माहिती काढून नेली होती, असे परंपरा सांगते. मोहिमांचा इतिहास लिहिला जातो तो तलवारींचा. आधी येऊन पाहून गेलेल्या डोळ्यांच्या वाट्याला त्यात जेमतेम एखादी ओळ येते. आज मी अशाच डोळ्यांविषयी बोलणार आहे.

जन्मभर मराठी शिकविली, म्हणून प्रारंभ एका शब्दापासून करतो. ‘वेध’ हा शब्द पाहा. नेमबाज लक्ष्याचा वेध घेतो आणि ज्योतिषी ताऱ्यांचाही वेधच घेतो, म्हणून ‘वेधशाळा’. पाहणे आणि मारणे ही दोन्ही कामे आपल्या भाषेने एका शब्दात सांभाळली आहेत. जोवर तोफ डोळ्यांसमोरच्या तटावर डागली जात होती, तोवर रणांगणावरही ती एकत्रच होती. पुढे तोफांचा पल्ला वाढला. गोळा टेकडीपलीकडे पडू लागला आणि तोफ आंधळी झाली. मग पाहणारा वेगळा आणि डागणारा वेगळा, अशी विभागणी झाली.

पाहणाऱ्याला उंच चढविण्याची कल्पना जुनी आहे. २६ जून १७९४ रोजी फ्ल्यूरसच्या लढाईत फ्रेंचांनी बांधलेल्या फुग्यातून शत्रूच्या हालचाली न्याहाळल्या. पहिल्या महायुद्धात ते काम विमानांकडे आले. परंतु वैमानिक हवाई दलाचा आणि तोफा सैन्याच्या. आकाशातून दिसलेले तोफखान्याच्या भाषेत वेळेवर पोहोचविणे कठीण जाई. चार्ल्स बेझली या ब्रिटिश तोफखान्याच्या अधिकाऱ्याने ही अडचण उलट बाजूने सोडविली. वैमानिकाला तोफखान्याचे शास्त्र शिकविण्यापेक्षा तोफखान्याच्या अधिकाऱ्यालाच विमान चालवायला शिकवावे, असा त्याचा आग्रह होता. १९४० मध्ये त्याचा प्रयोग झाला आणि १९४१ मध्ये ६५१ क्रमांकाचे पहिले हवाई निरीक्षण पथक उभे राहिले. या मालिकेतले क्रमांक पुढे ६६६ पर्यंत गेले. वैमानिक तोफखान्याचे आणि यंत्रे राखणारे तंत्रज्ञ हवाई दलाचे, अशी ही संयुक्त पथके होती.

त्यांचे विमान होते ऑस्टर. हलके, संथ आणि निःशस्त्र. शेताच्या तुकड्यावरूनही ते उडे. वैमानिक बहुधा स्वपक्षाच्याच हद्दीवर, फार उंच न जाता घिरट्या घाली. पहिला गोळा कोठे पडला ते पाही आणि बिनतारी यंत्रावरून कळवी : पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. दोन-चार गोळ्यांत लक्ष्य सापडे. मग तोफा गर्जत आणि ऑस्टर झाडांआड उतरून जाई. त्याचे एकमेव शस्त्र म्हणजे अचूक सांगणे. सांगण्यात चूक झाली, तर गोळा आपल्याच माणसांवर पडण्याचा धोका होता.

या कथेतले एक ठिकाण आपल्याला दूरचे नाही. सुरतेहून सापुतारा ओलांडला की नाशिक जिल्हा लागतो, आणि तेथे देवळाली आहे. ६५६ क्रमांकाचे पथक १९४३ मध्ये हिंदुस्थानात आले, तेव्हा काही काळ त्याचा तळ देवळालीस होता. जानेवारी १९४४ पासून ते आराकानच्या आघाडीवर आणि पुढे ब्रह्मदेशात जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सेनेसाठी उडाले. दुसरे पथक ६५९ क्रमांकाचे. नॉर्मंडीची लढाई पाहून १९४५ च्या अखेरीस तेही या देशात आले.

ऑगस्ट १९४७ मध्ये हे ६५९ वे पथक मोडण्यात आले आणि त्याच्या विमानांची भारत व पाकिस्तान यांत वाटणी झाली. खुर्च्या-टेबले वाटली गेली, तसेच हे डोळेही वाटले गेले. कालपर्यंत एका तळावर शेजारी उभी असलेली विमाने दोन देशांची झाली. भारताची पहिली हवाई निरीक्षण तुकडी त्याच महिन्यात जन्मली आणि थोड्याच दिवसांत तिची ऑस्टर काश्मीरच्या युद्धात उतरली.

ऑस्टरची जागा १९६५ पासून एका भारतीय विमानाने घेतली. त्याचे नाव ‘कृषक’. त्याचा पहिला नमुना १९५९ मध्ये उडाला होता. पण मागणीअभावी तो बाजूला पडला. पुढे सैन्याला निरीक्षणासाठी विमान हवे झाले, तेव्हा त्याचे भाग्य उघडले. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये हे काम ज्यांच्या मार्गदर्शनाखाली झाले, ते डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र. जर्मनीत प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाचे शिष्यत्व पत्करून ते परतले आणि १९५१ मध्ये उडालेले ‘एचटी-२’ हे शिकाऊ विमान त्यांनी देशाला दिले. रणभूमीवर फिरणाऱ्या निःशस्त्र विमानाला शेतकऱ्याचे नाव असावे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

सत्तरच्या दशकात कृषकची जागा चेतक आणि चीता या हेलिकॉप्टरांनी घेतली. १ नोव्हेंबर १९८६ रोजी ही शाखा तोफखान्यापासून वेगळी होऊन ‘आर्मी एव्हिएशन कोअर’ म्हणून स्वतंत्र झाली. ६६६ क्रमांकाचे भारतीय पथक सियाचीनच्या हिमनदीवर जवानांना रसद पोहोचवीत आणि आजाऱ्यांना खाली आणीत आले आहे. केवळ पाहण्यासाठी जन्मलेले पथक जीव वाचवू लागले, याहून मोठे स्थित्यंतर कोणते?

या दलाचे प्रशिक्षण विद्यालय २००३ मध्ये नाशिकरोडला स्थापन झाले. १० ऑक्टोबर २०१९ रोजी राष्ट्रपतींनी तेथेच या कोअरला ध्वज प्रदान केला. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक तेथूनच कोअरच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या; समोर बसलेल्या मुलींनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. आता पाहण्याचे पुष्कळसे काम मानवरहित विमाने करतात. तथापि दिसले त्याचा अर्थ लावून खरे तेच सांगण्याची जबाबदारी अद्याप माणसाचीच आहे.

मित्रहो, इतिहासाचा अभ्यासक हाही एक निरीक्षकच असतो. त्याच्या हाती तोफ नसते, पण त्याच्या शब्दावर पुढल्या पिढ्यांच्या तोफा रोखल्या जातात. दिसले नाही ते दिसले म्हणून त्याने सांगितले, तर गोळा आपल्याच घरावर येतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी या मुलांना हेच शिकविले : आधी नीट पाहा, मग बोला. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.