कणगा ते ट्रंक: घरातल्या साठवणीचा एक इतिहास

पनवेल तालुक्यातील गव्हाण येथे आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे घर आहे. कौलारू घराच्या जागी त्याच्या वडिलांनी स्लॅबचे घर बांधले होते; आता त्याच घराची आतून नव्याने मांडणी करण्याचे घाटत होते. आराखडा आमच्यासमोर ठेवण्यात आला. स्वयंपाकघरात ट्रॉल्या, शयनगृहात भिंतभर कपाटे, दारांवर लॉफ्ट, प्रवेशाशी चपलांचा कप्पा असे सर्व काही त्यात होते. घरातल्या आजींनी तो कागद शांतपणे पाहिला आणि एकच प्रश्न विचारला: यात ट्रंक कुठे ठेवायची? या प्रश्नाचे उत्तर आराखडा काढणाऱ्यापाशी नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमच्यापाशीही नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा शोध आहे.

आरंभी एक योगायोग नमूद करावासा वाटतो. 'गव्हाण' म्हणजे गोठ्यातली गुरांच्या वैरणीची जागा. गावाचे नाव आणि हा शब्द यांचा संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. पण कोणती वस्तू घरात कुठे असावी हे सांगणारे किती शब्द मराठीने जपले आहेत याची आठवण त्यावरून होते. कोनाडा, फडताळ, खुंटी, शिंके, उतरंड, माळा, वळचण, बळद, पेव, कोठार. यांतले बरेच शब्द वस्तू गेल्यावरही भाषेत राहिले. शिकवण्यांचे 'पेव फुटते', संकल्प 'खुंटीला टांगले' जातात, शिंके तुटले की बोक्याचे फावते. समाजशास्त्राचा विद्यार्थी जातींची 'उतरंड' म्हणतो तेव्हा एकावर एक रचलेली मडकी त्याने पाहिलेली असतातच असे नाही. तळाचे मडके सर्वांत मोठे, त्यावर सगळ्यांचा भार, आणि त्याला हात घालायचा तर वरची सगळी उतरवावी लागतात. हे ठाऊक असेल तर त्या रूपकाची धार अधिक कळते.

हे शब्द सर्व महाराष्ट्रात सारखे नांदले नाहीत, आणि इतिहासाला येथूनच सुरुवात होते. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. ते देशावरच्या कोरड्या भूमीत शोभते. खाडीकाठी थोडे खणले की पाणी लागते, आणि पावसाळ्यात तर जमीनच ओल धरून बसते. म्हणून किनाऱ्यावरच्या भातशेतकऱ्याने धान्य जमिनीच्या वर ठेवले. बांबूच्या कामट्यांचा विणलेला, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेला कणगा हे त्याचे कोठार. तो माजघरात, म्हणजे घराच्या पोटात उभा असे. पावसाचा मारा पडवीने झेलावा, माणसांची वर्दळ ओटीने झेलावी आणि या दोहोंच्या आड भात सुरक्षित राहावे, अशी ही मांडणी. चुलीचा धूर माळ्यावरून कौलांतून बाहेर पडे. त्या धुराने डोळे चुरचुरत हे खरे, पण त्यानेच वासे, बांबू आणि माळ्यावरचे बियाणे किडीपासून राखले जाई.

या घराची मांडणी वर्षाच्या चक्रावर बेतलेली होती. भात दिवाळीच्या आगेमागे घरात येई. मिठागरातले मीठ आणि उन्हात वाळवलेली मासळी उन्हाळ्यात. आगोटीपूर्वी सरपण आणि गोवऱ्या पडवीत रचल्या जात; इरली माळ्यावरून खाली येत. या सगळ्याला मराठीत एक नेमका शब्द आहे: बेगमी. घरातली कोणती जागा कोणत्या महिन्यात भरेल आणि कोणत्या महिन्यात रिकामी होईल, हे घरातल्या बाईला आराखड्यावाचून ठाऊक असे. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा'ने (१९१५) गावाची व्यवस्था नोंदवली, ना. गो. चापेकरांनी 'बदलापूर'मध्ये (१९३३) ठाणे जिल्ह्यातल्या एका गावाचे जगणे बारकाईने टिपले. अशा ग्रंथांचे मोल आज कळते, कारण त्यांच्या लेखकांना क्षुल्लक वस्तू क्षुल्लक वाटल्या नाहीत.

चापेकरांच्या ग्रंथाच्या सातच वर्षे आधी, १९२६ मध्ये, ऑस्ट्रियन वास्तुकार मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टसाठी एक छोटे स्वयंपाकघर आखले. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. बाईची पावले मोजून ओटा, कपाटे आणि पीठ-तांदळाचे खण हाताच्या अंतरावर बसवलेले. आजच्या मॉड्युलर स्वयंपाकघराची ही आजीच म्हणावी लागेल. त्या रचनेने श्रम वाचवले यात शंका नाही. मात्र तिच्या पोटात एक गृहीतक होते: दुकान जवळ आहे आणि ते बारमाही उघडे आहे. गव्हाणच्या घराचे गृहीतक नेमके उलट होते: चार महिने बाहेरून काही येणार नाही. साठवणीची प्रत्येक मांडणी अशी बाजाराविषयी आणि ऋतूविषयी काहीतरी धरून चालत असते.

मुंबईच्या चाळींत या दोन गृहीतकांची भेट झाली. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. कोकणातून आलेल्या माणसाने तिथेही माळा घातला आणि गावाहून आलेले तांदूळ व गाद्या त्यावर चढवल्या. आजच्या सदनिकेतला लॉफ्ट हा त्या माळ्याचाच वंशज. फरक इतकाच की त्याखाली आता चूल पेटत नाही.

गव्हाणच्या घरात मात्र बदल वेगळ्या वाटेने आला. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातखाचरे आणि मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी गेला. पुढे विकसित भूखंडाच्या रूपाने साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. हा इतिहास सर्वांना दिसतो. माजघरातला कणगा नेमका कधी रिकामा झाला आणि कधी मोडला, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

कणग्याची जागा रिकामी राहिली नाही, आणि आजींच्या प्रश्नाचे मर्म इथेच आहे. त्या जागी एक पत्र्याची ट्रंक आली. तिच्यात जुने सातबारा उतारे, संपादनाच्या नोटिसा, निवाड्याच्या प्रती, वारसनोंदी, रेशनकार्डे आणि वाढत्या कुटुंबाने गावठाणालगत 'गरजेपोटी' बांधलेल्या खोल्यांच्या घरपट्टीच्या पावत्या आहेत. पूर्वी घराचे वर्ष भाताने तरून जात असे. आता घराचा हक्क या कागदांवर तरून जातो. बेगमी तीच, जिन्नस बदलला. आराखडा काढणाऱ्याच्या लेखी मात्र ही ट्रंक म्हणजे अडगळ. भालचंद्र नेमाडे यांनी २०१० साली 'हिंदू' या कादंबरीच्या उपशीर्षकात अडगळीला 'समृद्ध' हे विशेषण जोडले. वाङ्मयाच्या वर्गात आपण त्यावर तासन्‌तास बोलतो. स्वतःच्या घराची मांडणी बदलताना त्यातले किती आठवते, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला.

ट्रंक लॉफ्टवर टाकावी असे सुचवण्यात आले होते. पण किनाऱ्यावरच्या स्लॅबला ओल धरते, धूर नसल्याने वाळवीला मज्जाव उरलेला नाही, आणि वर गेलेली वस्तू वर्षानुवर्षे खाली येत नाही. भाताला जे नियम होते तेच कागदाला लागू पडतात, हे आजींना न सांगता कळले होते: पावसाच्या तोंडाची पश्चिमेकडची भिंत नको, न्हाणीघराला लागून नको, जमिनीला टेकलेले नको, हाताच्या उंचीवर हवे आणि वर्षातून एकदा, आगोटीपूर्वी, उन्हे दाखवता यावीत.

शेवटी आराखडा बदलला. घराच्या मधोमध, आतल्या भिंतीशी, जमिनीपासून दोन फूट उंचावर जाळीच्या दारांचे एक उथळ कपाट ठरले. कागदांच्या प्रती काढून दुसऱ्या घरी ठेवायचेही ठरले. मोजमाप घेताना आजी म्हणाल्या की त्यांच्या सासूबाईंचा कणगा याच भिंतीशी उभा असे. आराखडा काढणाऱ्या तरुणाने ते ऐकले आणि कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून घेतले. गव्हाणमधल्या त्या कणग्याची आम्हांस ठाऊक असलेली लेखी नोंद तेवढीच.