अविश्वासाचे अस्त्र

स्त्री-हेर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती माताहारी. झगमगती वस्त्रे, नृत्याच्या मैफली, सेनाधिकाऱ्यांचे घोळके आणि अखेर १९१७ च्या ऑक्टोबरातील एका पहाटे पॅरिसजवळ व्हँसेन येथे तिच्यावर झाडलेल्या गोळ्या! पण माताहारीने शत्रूला खरोखर महत्त्वाचे असे काय दिले, याविषयी इतिहासकार आजही साशंक आहेत. आणि ती फ्रेंच नव्हतीच, डच होती.

जिने खरोखरच महत्त्वाचे काही दिले, अशा एका फ्रेंच तरुणीची ही हकीकत आहे. तिच्याजवळ पिस्तूल नव्हते, विषाची कुपी नव्हती. होती ती उत्तम जर्मन भाषा, तल्लख स्मरणशक्ती आणि समोरच्याला बोलते करण्याची हातोटी.

तिचे नाव झानी रूसो. ब्रिटनीतील सँ-ब्रिय येथे १ एप्रिल १९१९ रोजी तिचा जन्म झाला. पॅरिसच्या राज्यशास्त्राच्या नामांकित विद्यालयातून १९३९ मध्ये ती वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली, आणि वर्षाच्या आतच फ्रान्सचा पाडाव झाला. रूसो कुटुंब समुद्रकाठच्या दिनार गावी येऊन राहिले. तेथेही जर्मन फौजा येऊन धडकल्या. त्यांच्याशी बोलायचे कसे, हा गावच्या नगराध्यक्षांपुढे प्रश्न पडला. कोणी जर्मन जाणणारे आहे काय, अशी विचारणा झाली, आणि एकवीस वर्षांची झानी दुभाष्याच्या कामावर रुजू झाली.

जर्मन अधिकाऱ्यांना ही चुणचुणीत मुलगी आवडली. तिच्यादेखत ते मोकळेपणाने बोलू लागले. ती जे ऐके ते लंडनला पोचू लागले. इतके, की दिनारमध्ये कोणी पक्का हेर बसला असला पाहिजे असा जर्मनांनाच संशय आला. जानेवारी १९४१ मध्ये गेस्टापोने तिला धरून रेनच्या तुरुंगात टाकले. पुरावा मात्र सापडेना. ही पोर आणि हेर? छे! तिच्या ओळखीच्या अधिकाऱ्यांचा यावर विश्वासच बसेना. शेवटी किनारा सोडून जाण्याच्या अटीवर तिची सुटका झाली.

दुसरी एखादी असती तर येथेच थांबती. झानी पॅरिसला गेली आणि जर्मनांशी व्यवहार करणाऱ्या फ्रेंच उद्योजकांच्या एका संघटनेत तिने पुन्हा दुभाष्याचीच नोकरी धरली. जर्मन लष्करी प्रशासनाचे ठाणे असलेल्या हॉटेल माजेस्तिकमध्ये तिची ये-जा सुरू झाली. एकदा आगगाडीच्या प्रवासात तिला विद्यापीठातला एक जुना परिचित भेटला : जॉर्ज लामार्क, हुशार गणिती. तो ‘द्रुइद’ नावाची गुप्त शाखा उभारीत होता. ही शाखा ज्या ‘आलियान्स’ संघटनेची होती, तिची सूत्रेही मारी-मादलेन फुरकाद या एका स्त्रीच्याच हाती होती. झानीने होकार दिला. तिला टोपणनाव मिळाले ‘अम्न्यारिक्स’.

१९४३ मध्ये तिला दिनारचेच काही जुने ओळखीचे अधिकारी भेटले. संध्याकाळी ते एका घरी खात-पीत, गप्पा मारीत. गप्पांत एका अद्भुत अस्त्राचा विषय निघू लागला. विमानाहून कितीतरी वेगाने, कितीतरी दूर जाणारे अस्त्र! माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला स्तुतीच लागते असे नाही. योग्य वेळी दाखवलेला अविश्वासही पुरतो. झानी डोळे विस्फारून म्हणे, छे, असे काही असणे शक्यच नाही. तुम्ही माझी थट्टा करता आहात. मग समोरच्याचा अभिमान दुखावला जाई. अखेर एकाने तर तिची खात्री पटवण्यासाठी आराखडेच पुढे ठेवले. बाल्टिक समुद्राकाठचे पेनेम्युंडे हे प्रयोगस्थळ, तेथे प्रवेश कसा मिळतो, परवाने कसे असतात, सारे त्यात होते. तंत्रातले तिला फारसे कळत नव्हते. पण न कळलेलेही तिने जसेच्या तसे ध्यानात ठेवले आणि सीनच्या डाव्या तीरावरील एका घरी जाऊन शब्दशः लिहून काढले.

तो अहवाल लंडनला रेजिनल्ड जोन्स या शास्त्रज्ञाच्या हाती पडला. ही माहिती देणारे कोण, असे त्याने विचारले. उत्तर मिळाले ते एवढेच, की तिच्या पिढीतील ती एक अत्यंत असामान्य तरुणी आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. १७ ऑगस्ट १९४३ च्या रात्री सुमारे सहाशे ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंडेवर हल्ला केला, त्याचे सारे श्रेय पुष्कळदा एकट्या झानीला दिले जाते. ते न्याय्य नव्हे. पोलिश हेरांच्या बातम्या, हवाई छायाचित्रे अशी अनेक सूत्रे त्यामागे होती. शिवाय त्या रात्री मेलेल्यांत वेठीस धरून आणलेले शेकडो परदेशी मजूर होते, हेही विसरता येत नाही. झानीच्या माहितीचे मोल वेगळे होते. अस्त्र डागणारे पथक कोणते, त्याचा प्रमुख कोण, ते फ्रान्समध्ये कोठे येणार, हे तीतून ब्रिटिशांना कळले.

प्रत्यक्ष बोलण्यासाठी १९४४ च्या वसंतात तिला लंडनला नेण्याचे ठरले. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील त्रेगिये येथून नाव निघायची होती. पण बेत फुटला आणि ती पकडली गेली. शिपाई तिला घेऊन साथीदारांच्या घराकडे निघाले, तेव्हा ती मुद्दाम मोठमोठ्याने जर्मन बोलू लागली. तो इशारा ओळखून एकाला निसटता आले.

तिची रवानगी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत झाली. तेथे तिने आपले खरे नाव सांगितले. कागदपत्रे मात्र दुसऱ्याच नावाने आली होती. त्यामुळे ही कैदी कोण, याचा जर्मनांना मेळच लागला नाही.

आणि आता या चरित्रातला सर्वांत विलक्षण प्रसंग येतो. टोर्गाउ येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात या फ्रेंच स्त्रियांना कामाला जुंपण्यात आले. नजरेत न भरणे हा हेराचा पहिला धर्म. आजवर तो कसोशीने पाळणारी झानी पुढे झाली आणि तिने अधिकाऱ्याला बजावले : आम्ही युद्धकैदी आहोत, जिनिव्हाच्या करारानुसार तुम्ही आमच्याकडून शस्त्रे बनवून घेऊ शकत नाही! ज्या गोळ्या आपल्याच माणसांवर झाडल्या जाणार त्या आपण घडवायच्या, हे तिला सोसवले नाही. फळ ठरलेलेच होते. शिक्षा झाली. ऐन हिवाळ्यात क्योनिग्सबेर्गच्या छावणीत, बर्फात, विमानतळ बांधण्याचे काम नशिबी आले. तेथे कित्येकजणी मेल्या. हे धैर्य की अविचार? तटस्थपणे पाहता अविचारच. कारखान्यात निदान डोक्यावर छप्पर होते. पण ज्या मनाने दिनारमध्ये ‘मी जर्मन जाणते’ म्हटले, तेच मन टोर्गाउलाही बोलले. ते निराळे करून कसे चालेल?

क्योनिग्सबेर्गहून रुग्णांच्या मोटारीत लपून ती राव्हेन्सब्रुकला परतली. एप्रिल १९४५ मध्ये स्वीडिश रेड क्रॉसने तिची सुटका केली, तेव्हा ती मरणाच्या दारात होती. लामार्क मात्र राहिला नव्हता. ८ सप्टेंबर १९४४ रोजी जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या होत्या. त्याच दिवशी लंडनवर पहिले व्ही-२ पडले.

स्वीडनमधील आरोग्यधामात तिला आंरी द क्लारँस भेटला. तोही छळछावण्यांतून वाचलेला. दोघांनी लग्न केले, मुले झाली. पुढे तिने दुभाष्याचेच काम केले. आता संयुक्त राष्ट्रांसाठी. युद्धाविषयी ती कित्येक दशके जवळजवळ बोललीच नाही. १९९३ मध्ये अमेरिकेच्या हेरखात्याने तिला पदक दिले, तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. २०१७ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, तिने जगाचा निरोप घेतला.

दुसऱ्यांचे बोलणे इमानाने पोचवणे हा दुभाष्याचा धर्म. झानी रूसोने तो जन्मभर पाळला. फक्त चार वर्षे तिने ते बोलणे, बोलणाऱ्याच्या नकळत, ज्यांना त्याची खरी गरज होती त्यांच्याकडे पोचवले.