मीटरची वही

श्रीरामपूरच्या आमच्या घरात एक लांबट वही आहे. १९८४पासून दर एक तारखेचा मीटरचा आकडा तिच्यात आहे. नाना शाळेत गणित शिकवायचे. वर्ष संपलं की आलेखाच्या कागदावर बारा ठिपके काढून ते वहीत डकवायचे.

लाइटबिल तेव्हा वीज मंडळाचं नसे, मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचं असे. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ १९६९मध्ये निघालं आणि त्याच्या पाठबळावर देशात पहिल्या पाच वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. हुकेरी, सिरसिल्ला, कोडीनार, लखनौ आणि आमची. नमुना अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या संस्थांचा होता. पण १९५०पासून सहकारी साखर कारखाना पाहिलेल्या मुलखाला त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

गंमत पुढे झाली. शेतातल्या मोटारींना हॉर्सपॉवरवर ठोक आकार सुरू झाला. विहिरीवर किती वीज गेली ते कुणी मोजेना, घरातल्या चाळीसच्या बल्बचा मात्र काटेकोर हिशेब! नाना यावर दरवेळी हसत.

आधी आंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापे, बाभळीच्या ढलप्या नि उसाच्या चिपाडांवर. त्याची नोंद कुणीच ठेवली नाही. मग बादलीत सोडायची कॉइल आली, पाठोपाठ वाळ्याच्या जाळ्यांचा कूलर. घरात भांडण एकच: बिल कशानं वाढतं? आई कूलरला बोल लावी, आजी कॉइलला.

नानांनी घरातलं बाकी सगळं बंद केलं आणि मनगटी घड्याळ घेऊन मीटरसमोर उभे राहिले. आमच्या मीटरची चकती सहाशे फेरे फिरली की एक युनिट. कूलरवर एका फेऱ्याला तीस सेकंद लागली, कॉइलवर चार. म्हणजे कूलर दोनशे वॅटचा, कॉइल दीड हजाराची. साडेसात तास चाललेला कूलर आणि तासभरात तापलेल्या तीन बादल्या, दोहोंचं दीड युनिट! आई नि आजी, दोघीही जिंकल्या. आलेखाला म्हणूनच दोन उंचवटे, एक मे महिन्यात, दुसरा डिसेंबरात.

२००५नंतरच्या काही वर्षांत मेचा उंचवटा बसलेला दिसतो. माझ्या मुलाला वाटलं, आजोबांनी काटकसर केली. कसली काटकसर! ते भारनियमन. उकाड्यात आम्ही गच्चीवर झोपत होतो. नानांनी त्या ठिपक्यांभोवती पेन्सिलीनं गोल केले आहेत, एवढंच.

संस्थेकडच्या वीज मंडळाच्या, नंतर महावितरणच्या थकबाकीचा वाद बरीच वर्षं धुमसत होता. शेवटी संस्थेचा परवाना संपला आणि १ फेब्रुवारी २०११पासून पुरवठा महावितरणकडे गेला. नानांनी वहीत त्या तारखेला लाल रेघ मारली.

पुढे चकतीचं मीटरही गेलं. आता लाल दिवा लुकलुकतो, एका युनिटला बत्तीसशे वेळा. नानांच्या डोळ्यांना ते झेपत नाही. घड्याळ ते धरतात, लुकलुक मी मोजते.