शिलोत्री बांध ते कांदळवन : पेण-रोह्याच्या खारभूमीचा इतिहास

पाणथळ प्रदेशांच्या संशोधनाला आणि संवर्धनाला जगात अनेक ठिकाणी एखाद्या डोळ्यांत भरणाऱ्या प्राण्यामुळे बळ मिळाले. फ्लोरिडाच्या नद्यांमध्ये ते मॅनेटीमुळे मिळाले, तर भारतात तिच्या नात्यातील समुद्रगाईसाठी, म्हणजे डुगाँगसाठी, तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. पेण आणि रोहा तालुक्यांच्या गढूळ खाड्यांत समुद्रगाईला लागणारी सागरी गवताची कुरणे नाहीत, त्यामुळे इथल्या पाणथळीला असा वकील लाभला नाही, आणि तिचा इतिहास प्राणिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा महसुलाच्या दप्तरांत अधिक सापडतो.

अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते आणि रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला भेटते. दोन्ही नद्यांत भरतीचे पाणी बरेच आतवर चढते. हे पाणी ज्या सखल, चिखलवट जमिनीवर पसरते तिला खाजण म्हणतात आणि बांध घालून ते अडवले की तीच जमीन खार होते. पेणच्या खाडीलगतच्या पट्ट्याला खारेपाट म्हणतात तो यामुळेच, आणि रोह्याकडील धोंडखारसारख्या गावांच्या नावांतही ही खार टिकून आहे. बांध खाजणातल्याच चिकण मातीचा रचला जाई व खाडीकडील अंगाला दगड लावून तो लाटांपासून राखला जाई. त्यात ठेवलेली उघाडी, म्हणजे झडपेचे दार, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडे, शेतात साचलेले पावसाचे पाणी बाहेर सोडी आणि भरती चढू लागली की बाहेरच्या दाबाने आपोआप मिटे. बंदिस्ती झाली म्हणून जमीन लगेच पिकत नसे. पावसाने क्षार धुऊन निघायला काही वर्षे जात, आणि त्यानंतरही उन्हाळ्यात क्षार पुन्हा वर येत, म्हणून पहिल्या पावसांनी जमीन धुतल्यावर रहू, म्हणजे मोड आणलेले बी, चिखलात फेकून तांबड्या दाण्याचा रता भात घेतला जाई.

एवढे श्रम आणि भांडवल घालणाऱ्याला मोबदला हवा, या गरजेतून शिलोत्री हा धारापद्धतीचा प्रकार रूढ झाला. बांध घालणारा आणि राखणारा तो शिलोत्रीदार. सरकारी साऱ्याखेरीज बांधाच्या डागडुजीसाठी कुळांकडून भाताचा ठरावीक हिस्सा घेण्याचा त्याला हक्क असे. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये या पद्धतीची नोंद आहे. हिश्श्याच्या बदल्यात बांध राखणे हे त्याचे कर्तव्य होते, परंतु हिस्सा वसूल होत राहिला तरी बांधाकडे लक्ष राहीलच याची खात्री नव्हती, आणि खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की भुकेची वेळ कुळावर येई. १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने या कामासाठी मंडळ नेमले, १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि कुलाबा जिल्ह्यापुरत्या १९५५ च्या खास कायद्याने शिलोत्री हक्कही संपले. कुळांना न्याय देणारा हा बदल अत्यावश्यकच होता. मात्र बांधाआतील शेतकऱ्यांनी मिळून डागडुजी करण्याची जी जोळ पद्धत होती, तिच्यामागची सामूहिक जबाबदारीही हळूहळू सरकारी खात्याच्या अंदाजपत्रकावर जाऊन पडली. १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास कायद्याने ही व्यवस्था नव्याने बांधली, तरी उधाण मंजुरीची वाट पाहत नाही.

पुढच्या काळात या जमिनीकडे उद्योगांचे लक्ष गेले. विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रस्तावावर सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांचे मत घेण्यात आले, तेव्हा भातशेती सोडण्यास शेतकऱ्यांनी मोठा विरोध दर्शवला. दुसरीकडे जिथे खांडी वेळेवर बुजवल्या गेल्या नाहीत, तिथे खारे पाणी शेतात कायमचे शिरले आणि पाण्याबरोबर आलेल्या बियांतून तिवर, चिपी, कांदळ यांचे रान माजले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि २०१८ मध्ये अंतिम निकालाने कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखण्यास सांगितले. किनाऱ्यासाठी हा निकाल मोलाचा आहे. तथापि सातबाऱ्यावर भाताची जमीन आणि प्रत्यक्षात तिवरांचे वन अशी ज्याची स्थिती झाली, त्या शेतकऱ्याचे शेत जाते ते बांध राखण्यातील हयगयीमुळे, आणि त्याची भरपाई केवळ वनसंरक्षणाच्या चौकटीत बसत नाही.

बांधाच्या दोन्ही बाजूंचा संबंध जिताड्याइतका स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही. हा मासा खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. त्याची पिल्ले पावसाळ्यात भरतीबरोबर तिवरांच्या मुळांतील उथळ पाण्यात येतात, आणि खारेपाटातील शेतकरी ती धरून बांधाआतील गोड्या पाण्याच्या तळ्यात सोडतो व वाढवतो. बाहेरचे कांदळवन तुटले तर तळ्याला पिल्ले मिळत नाहीत आणि बांध फुटला तर तळेच राहत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणारे भाताचे वाण दिले आहेत. त्याच धर्तीवर बांध, भात, तळे आणि कांदळवन यांचा एकत्र अभ्यास पेण-रोह्याच्या गावागावांत व्हायला हवा आणि त्यात खांडींची नोंद ठेवण्याचे काम जोळीच्या वारसांकडे, म्हणजे त्या बांधाआतील शेतकऱ्यांकडेच, सोपवायला हवे.