एका 'लिंग' शब्दात किती गोष्टी? नगरच्या इतिहासातून

मराठीत 'लिंग' या शब्दाला फार राबवले जाते. व्याकरणात तोच, अवयवाला तोच, जन्मदाखल्यावरही तोच. म्हणून पालक विचारतात, "डॉक्टर, मुलगा मुलींसारखा वागतो, तपासून सांगा तो नेमका कोण?" तेव्हा त्यात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. शरीर कोणते, हे गुणसूत्रे, संप्रेरके म्हणजे हार्मोन्स आणि अवयव यांवरून ठरते. बाईने असे वागावे, पुरुषाने तसे, हा समाजाचा नियम. त्याला लिंगभाव म्हणतात. मी स्वतःला आतून कोण मानतो, ती लिंगओळख. आणि मला कोणाचे आकर्षण वाटते, तो लैंगिक कल. प्रयोगशाळेचा रिपोर्ट फक्त पहिल्याबद्दल बोलतो. या चारांची गल्लत किती महागात पडते, हे आपल्या भागाच्या इतिहासात दिसते.

1595 च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला तेव्हा चांदबीबी चिलखत चढवून, चेहऱ्यावर पडदा आणि हातात नंगी तलवार घेऊन खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात तट बांधून घेतला. पडदाही होता आणि तलवारही! ती बाई आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती. मोडला तो फक्त बाईने लढू नये हा नियम. पुढे याच जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 राज्यकारभार केला. मुलगी दांडगाई करते म्हणून तिचे हार्मोन तपासायला आणणाऱ्यांनी एवढे आठवावे.

निजामशाही दरबारात खोजेही होते. 1600 मध्ये चांदबीबीची हत्या झाली. तिच्याविरुद्ध लोकांना भडकवणारा तिच्या विश्वासातलाच एक खोजा सरदार होता, असे इतिहासकार सांगतात. खोजा म्हणजे वृषण काढून टाकलेला पुरुष. हे बहुधा लहानपणी, त्याला न विचारता, गुलामगिरीत केले जाई. वृषण गेले की टेस्टोस्टेरॉन जवळजवळ संपते. वयात येण्याआधी गेले तर दाढी फुटत नाही, आवाज बारीकच राहतो. पण असे लोक सरदार झाले, फौजा सांभाळल्या. शरीर बदलले म्हणून ओळख बदलतेच असे नाही.

हिजडा समाजाचे याच्या उलट. तिथे महत्त्व ओळखीला आणि गुरू-चेल्याच्या नात्याला. प्रत्येकाचे शरीर सारखे नसते. मराठेशाहीत दख्खनमध्ये यांतल्या काहींना इनाम जमिनी होत्या, आणि ठरलेल्या भागातल्या शेतकरी घरांकडून थोडे धान्य व पैसे घेण्याचा हक्क होता. हक्क, भीक नव्हे. 1818 नंतर इंग्रज आले. मुंबई सरकारने या हक्कांना संरक्षण द्यायचे नाकारले, आणि 1852 च्या इनामांविषयीच्या कायद्याने सार्वजनिक सभ्यतेला बाध आणणारी इनामे पुढे चालू ठेवू नयेत असे ठरवले. पिढ्यानपिढ्या चालत आलेला अधिकार असा कागदावर मेला. उरले ते हात पसरणे, ज्यावरून आज आपण सिग्नलला काच वर करतो.

उत्तर हिंदुस्थानात तर 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात एक स्वतंत्र भागच होता. जो पुरुष स्वतः कबूल करेल, किंवा वैद्यकीय तपासणीत नपुंसक दिसेल, तो 'युनक'. आणि त्यांतल्या संशयितांची पोलिसात नोंद. ही व्याख्या वाचून मला एक डॉक्टर म्हणून अस्वस्थ वाटते. ताठरता न येणे हे मधुमेहात, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, नुसत्या चिंतेनेही होते. त्याचा ओळखीशी संबंध काय? पण सरकारला शिक्का हवा होता आणि तो मारायला डॉक्टर मिळत होते.

चौथ्या प्रश्नाला, लैंगिक कलाला, 1860 च्या दंडसंहितेतील कलम 377 ने गुन्ह्याच्या खात्यात टाकले. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून सोडवले. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 मध्येच काढली होती. म्हणजे त्यावर औषध नाही, कारण आजारच नाही. 'बरे करून देतो' म्हणणाऱ्याकडे पैसे घालवू नका.

ओळखीबाबत 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती ज्याची त्याने ठरवायची, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट नको. 2021 च्या जानेवारीत जळगाव जिल्ह्यातल्या भादलीच्या ग्रामपंचायत निवडणुकीत एका तृतीयपंथी उमेदवाराचा महिला गटातला अर्ज फेटाळला गेला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, ज्याच्या कक्षेत आपला जिल्हाही येतो, तो स्वीकारायला लावला. ती उभी राहिली आणि निवडूनही आली.

मग डॉक्टरकडे कधी यायचे? बाळाचे जननेंद्रिय जन्मतः स्पष्ट नसेल, तर लगेच. अशा काही बाळांत अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात दोष असतो; शरीरातले मीठ घटत जाऊन पहिल्या काही आठवड्यांतच जीव धोक्यात येऊ शकतो. तपासणी आणि औषधे तातडीची. पण अवयव 'नीट दिसावा' एवढ्यासाठी शस्त्रक्रियेची घाई करू नका; मद्रास उच्च न्यायालयाने 2019 मध्ये तान्ह्या बाळांवरच्या अशा शस्त्रक्रिया तमिळनाडूत थांबवायला लावल्या. मुलीला सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, तरी तपासून घ्या. आणि तुमचे मूल ओळखीबद्दल काही सांगू पाहत असेल, तर आधी त्याचे ऐकून घ्या. मूल उदास, गप्प किंवा घाबरलेले वाटले, तर त्याला बरोबर घेऊन या, रिपोर्टची फाइल नसली तरी चालेल.